मायच्या अंगात कोण आलं होतं

माझ्या मायचे केस पास्टरच्या मुठीत होते आणि तो तिला नाव विचारत होता. तिचं नाही. तिच्या अंगातल्या भुताचं.

"नाव सांग! येशूच्या नावानं विचारतो, कोण आहेस तू?"

माय गुडघ्यांवर. दोन बायांनी तिचे हात मागं ओढून धरलेले. नवी लाल साडी खांद्यावरून घसरलेली, आणि ती सावरायला तिला हातच नव्हते. समोर अख्खी मंडळी बसलेली.

"मी सखू," माय म्हणाली. "सखूच हाय मी, साहेब."

"खोटं!" पास्टर माईकमध्ये ओरडला. "मंडळी, प्रार्थना करा. खोटं बोलायची सवयच असते यांना."

यांना म्हणजे भुतांना, असं मी तेव्हा समजले. पाचवीत होते मी. आज विचाराल तर माझी काही खात्री नाही.

पेंटेकॉस्टचा रविवार होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. येशू मेलेल्यातून उठला, त्यानंतरचा हा पन्नासावा दिवस. येशू वर निघून गेलेला, आणि त्याची माणसं एका माडीवरच्या खोलीत वाट बघत बसली होती. मासे धरणारी, हातावर पोट असणारी माणसं. अचानक वादळासारखा आवाज झाला, जाळाच्या जिभा एकेकाच्या डोक्यावर टेकल्या आणि पवित्र आत्मा उतरला. जो तो निराळ्याच भाषेत बोलायला लागला. गावात देशोदेशीचे लोक आलेले होते, ते म्हणाले, अरे, हे तर आमच्या बोलीत बोलतायत! काही जण हसले. म्हणाले, प्यालेत मेले. तर तो मंडळीचा, म्हणजे चर्चचा, जन्मदिवस. म्हणून त्या दिवशी आम्ही लाल घालतो, जाळाचा रंग. आधीचे दहा दिवस उपासप्रार्थना. आणि भक्ती, म्हणजे रविवारची उपासना, संपली की केक कापतात.

आमचा हॉल सुरतेला, पांडेसऱ्यात, एका कापडाच्या गोदामावर. वर पत्रा. पेंटेकॉस्ट येतो ऐन उन्हाळ्याच्या टोकाला, तेव्हा त्या पत्र्याखाली माणूस नुसता बसला तरी भाजून निघतो. माझा बाप तिथूनच पुढं एका मिलमध्ये कापड रंगवायच्या खात्यात होता. माय घरी साड्यांवर खडे चिकटवायची. आम्ही जालन्याकडचे. मांगवाड्यातले. हे मी सांगते, कारण माय कधी लपवायची नाही.

तिथंच तिचं चुकलं, असं बाप म्हणायचा. मायनं साक्ष दिली होती. आमच्यात नवा माणूस मंडळीत आला की उभं राहून सगळ्यांसमोर सांगतो, आधी मी काय होतो आणि येशूनं मला कसं उचललं. मायनं सगळं सांगितलं. तिच्या माहेरी मरीआईचं ठाणं होतं. पोरसवदा असल्यापासून तिच्या अंगात यायचं. आषाढात डफडं वाजलं की ती घुमायची आणि गाव पाया पडायचं. तेवढ्या वेळापुरतं पाया पडायचं बरं का, एरवी त्याच गावात पाणी वरून ओतायचे. सुरतेला आल्यावर माझा भाऊ तापानं गेला. मरीआईनं काही वाचवला नाही. शेजारची एक ख्रिस्ती बाई मात्र तीन दिवस मायपाशी बसून राहिली. त्यातून माय येशूकडं आली. मरीआईचा पितळी टाक तिनं स्वतःच्या हातानं तापीत सोडला. साक्ष ऐकून हॉलनं टाळ्या वाजवल्या. पास्टर रडला. खरंच रडला, मी पाहिलं.

त्या टाळ्या पुढं आमच्याच थोबाडावर वाजल्या.

तर त्या रविवारी भक्ती रंगात आली. पास्टर सांगत होता, आत्मा आजही उतरतो, जागा करा त्याला, मनाची दारं उघडा. माय दहा दिवसांची उपाशी. नुसत्या कोऱ्या चहावर खडे चिकटवले होते तिनं. पुढच्या रांगेत बेन बसल्या होत्या. बेन म्हणजे ज्यांच्याकडून मायला साड्या मिळायच्या त्या मालकीणबाई. त्यांचे मिस्टर मंडळीचे खजिनदार. सगळ्यांच्या आधी बेन हलायला लागल्या. हात वर, डोळे मिटलेले, तोंडातून र र र, ल ल ल असे कुणाला न कळणारे शब्द. पास्टर खाली आला. बेनच्या डोक्यावर अलगद हात ठेवला आणि म्हणाला, "पाहा मंडळी, आत्मा आला." बायांनी बेनना पडू नये म्हणून पाठीमागून आधार दिला. एकीनं पदरानं वारा घातला.

आणि मागं, चटईवर, माय हलायला लागली.

आता तुम्हीच सांगा, मायच्या अंगाला थरथरायची दुसरी कुठली रीत ठाऊक होती? ती काय इंग्लिश शाळेत शिकली होती हलायला? तिच्या आईनं, आजीनं जसं अंग टाकलं तसंच तिनं टाकलं. मांडी घालून, मुठी गुडघ्यांवर, कमरेपासून गोल गोल. अंबाडा सुटला. नाकातून हूं हूं असा आवाज. तोंडानं मात्र ती येशूचंच नाव घेत होती. मी शेजारी होते. माझ्या कानांनी ऐकलं. "येशू माजा, येशू माजा," एवढंच.

बेननी डोळे उघडले. मागं वळून पाहिलं आणि दचकून म्हणाल्या, "आने तो माताजी आवे छे!" हिच्या अंगात तर देवी येतेय.

झालं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. बेनच्या अंगात आला तो आत्मा, मायच्या अंगात आलं ते भूत.

पुढचं मी वर सांगितलंच आहे. केस. मुठी. नाव सांग. पास्टरचे पणजोबा शास्त्री होते, ख्रिस्ती झाल्यावर त्यांना घरातून हाकललं, हे तो आम्हाला दर महिन्याला ऐकवायचा. शास्त्रीबुवांच्या पणतूला भूत लगेच ओळखता आलं. माय म्हणत राहिली, मी सखू हाय. तो म्हणत राहिला, खोटं. तिच्या तोंडावर पाणी मारलं. थोबाडीत दिली. थोबाडीत भुताला दिली म्हणे, गाल मात्र मायचा सुजला. मी ओरडले, "माझ्या मायला सोडा!" तेव्हा त्यानं माझ्याकडं बोट केलं.

"हिलाही सांभाळा. हे आईतून लेकीत उतरतं."

माझ्या आजूबाजूची पोरं सरकली. चटईवर माझ्याभोवती जागा मोकळी झाली.

शेवटी माय दमली. तिला कळलं, हे लोक सखू हे नाव घेणार नाहीत. त्यांना दुसरं हवंय. तिनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "मरीआई."

"हालेलुया!" अख्खा हॉल ओरडला. जिनं स्वतःच्या हातानं टाक पाण्यात सोडला होता, तिच्याच तोंडातून त्यांनी ते नाव उपसून काढलं. येशूच्या घरात. आत्म्याच्या सणाला.

मग केक कापला. बेननी कापला. मला कागदी डिशमध्ये तुकडा दिला. मायला नाही. तिनं अजून काही दिवस या ताटातलं खाऊ नये, असं पास्टरनं सांगितलं. प्रभुभोजनही, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, घ्यायचं नाही. किती दिवस, ते तोच ठरवणार होता.

साड्या बंद झाल्या. बेन वाईट बोलल्या नाहीत, त्या कधीच वाईट बोलायच्या नाहीत. म्हणाल्या, सखूबेन, लग्नाच्या साड्या असतात, लोक शुभ कामाला नेसतात, तुम्ही समजून घ्या. माय समजली. ती समजण्यातच जन्मली होती. पुढं ती एका कारखान्यात धागे कापायला जाऊ लागली.

बाप पेटला होता. "पुन्यांदा त्या हालात पाय टाकायचा न्हाई. जळो त्यो धरम."

माय भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "येशूनं काय केलंय? येशूनं न्हाई धरले माजे केस."

आणि पुढच्या रविवारी गेली. मला घेऊन गेली. जिन्यापाशी जिथं चपला काढतात तिथं बसली. तिथंच बसत राहिली, वर्षानुवर्षं. प्रभुभोजन पुढं सुरू झालं, पण तिनं हात पुन्हा कधी वर केले नाहीत. गाणं नाही. मोठ्यानं प्रार्थना नाही. घरी काम करता करता कधी तिच्या नाकातून हूं निघायचं, तसा ती पदराचा बोळा तोंडात कोंबायची. मी बघायचे. ती माझ्याकडं बघायची.

मला माझ्या अंगाची भीती बसली. आईतून लेकीत उतरतं. भक्तीत ढोलकी वाढली की माझ्या पाठीच्या कण्यात खालून काहीतरी चढायचं. खरं सांगते, चढायचं. मी चटई मुठीत धरायचे, पुढं खुर्च्या आल्या तशी खुर्ची धरायचे. जीभ दाताखाली. एकदा रक्त आलं. पोरी म्हणायच्या, किती शांत गं तू. कसली शांत! मी एका जिवंत माणसाला आतल्या आत दाबून बसले होते, आणि ते माणूस कोण, ते मला ठाऊक नव्हतं.

लग्न झालं, सुरतेतच कोसाडला खोली मिळाली. मी साड्यांना फॉल लावते, शिलाई मशीन आहे. त्या मशीनमध्येही माय आहे. पायानं गती वाढवली की मोटर हूं हूं करते आणि मला वाटतं मागं कुणीतरी मांडी घालून बसलंय. वळून बघते. नवऱ्याच्या हे लक्षात आलंय. तो आता विचारत नाही, नुसता रेडिओ लावून देतो.

माय गेली तेव्हा मी जवळ होते. सिव्हिलमध्ये, छातीच्या आजारानं. बोलणं तुटत होतं. मला वाटलं पाणी मागतेय. कान नेला तर ती विचारत होती.

"त्या दिशी कोण आलं व्हतं गं? त्यो व्हता का? का दुसरंच?"

एवढी वर्षं ती चपलांपाशी हे घेऊन बसली होती. आणि आणखी एक. "म्या त्येला सोडलं न्हवतं. त्येंनी वदवून घेतलं. त्येला सांगशील का?"

मी उत्तर देईपर्यंत नर्स आली, मग डॉक्टर, मग पडदा ओढला. प्रश्न माझ्याकडंच राहिला. तो मला खातो. भाजी निवडताना, बसमध्ये, सुईत दोरा ओवताना. कोण आलं होतं गं?

मी बायबल वाचायला लागले ते त्यामुळं. भक्ती म्हणून नाही, पोलीस तपास करतात तसं. तेव्हा मला पेत्र दिसला. येशूचा सगळ्यात जवळचा माणूस. ज्या रात्री येशूला धरलं, त्या रात्री या पेत्रानं शेकोटीपाशी बसून तीनदा सांगितलं, मी त्याला ओळखत नाही. त्याचे केस कुणी धरले नव्हते. थोबाडीत दिली नव्हती. एका मोलकरणीनं नुसतं विचारलं होतं. आणि पेंटेकॉस्टच्या दिवशी सगळ्यांत आधी उठून बोलला कोण? हाच पेत्र. त्याला कुणी चपलांपाशी बसवलं नाही. उलट तो लोकांना सांगतो, देवानं म्हटलंय की मी माझा आत्मा सगळ्यांवर ओतीन, पोरांवर, पोरींवर, गुलामांवर, दासींवर. दासींवर! मी ती ओळ बोटानं पुन्हा पुन्हा वाचली. आमच्या हॉलमध्ये दर वर्षी ही ओळ वाचतात. बेनच्या घरातलंच कुणीतरी वाचतं, झोकात.

राग तेव्हा आला. आधी नुसती भीती होती. राग आल्यावर मी पहिल्यांदा मायसाठी मोठ्यानं रडले.

मग या वर्षीचा पेंटेकॉस्ट आला.

आमच्या बिल्डिंगमध्ये वंदना म्हणून एक बाई राहायला आली होती, हिंगोलीकडची. नवरा स्लॅबच्या कामावर. तिचं पोर सारखं आजारी. ती म्हणाली, बाई, तुमच्यात प्रार्थना करतात म्हणं, मला न्या. मी नेलं. पोरगं बरं झालं, ती यायला लागली. या वर्षी तिनं दहाही उपास धरले. मी म्हटलं, अगं, दूध तरी घे. नाही म्हणाली. लाल साडी माझीच नेसली होती.

हॉल आता मोठा झालाय. पत्रा गेला, एसी आले. पास्टर तोच. केस पांढरे झाले, आवाज तसाच. बेन पहिल्या रांगेत, गुडघे दुखतात म्हणून सोफ्याच्या खुर्चीत. ढोलकी वाढली. बेन हलल्या. पास्टरनं अलगद हात ठेवला. पाहा मंडळी, आत्मा आला.

आणि माझ्या शेजारी वंदना खुर्चीवरून खाली उतरली. मांडी घातली. मुठी गुडघ्यांवर. कमरेपासून गोल. हूं. हूं.

मला वंदना दिसतच नव्हती. माय दिसत होती.

पास्टर आला. बाया आल्या. एकीनं वंदनाचा डावा हात मागं ओढला. पास्टर मला म्हणाला, अगदी घरच्यासारखं, "ताई, तुम्ही दुसरा हात धरा. आणि तुमच्या बोलीत विचारा त्याला, नाव काय. आमचं ऐकत नाही ते."

घ्या! पेंटेकॉस्टला प्रत्येकाला आपली बोली ऐकू येते. माझ्या बोलीचा एवढ्या वर्षांत या हॉलला पहिल्यांदा उपयोग सुचला, तो हा.

मी खाली बसले. वंदनाचा हात हातात घेतला. तापलेला, घामेजलेला. तिनं डोळे उघडले आणि मला म्हणाली, "बाई, मला काय व्हतंय ओ? मी भ्याले."

भूत कधी भ्यालेलं ऐकलंय का कुणी?

"काय न्हाई व्हत," मी म्हटलं. "घुम तू. मी हाय इथं." आणि डावा हात धरलेल्या बाईला म्हटलं, "सोडा तिला." तिनं सोडला. घाबरून सोडला असेल, पण सोडला.

पास्टर म्हणाला, "ताई, काय करताय?"

मी उभी राहिले. वंदना माझ्या मागं, पास्टर माझ्या पुढं. "मी नाव विचारणार नाही. आत्ता बेन हलल्या. त्यांच्यातल्याचं नाव विचारलंत का?"

बेन डोळे उघडून बघत होत्या.

"तो पवित्र आत्मा आहे," पास्टर म्हणाला.

"कशावरून?"

"फळांवरून ओळखतात, ताई. वचन वाचत जा."

"वाचलंय. फळंच बघू या. माझ्या मायच्या हातची साडी लग्नाला चालेना झाली, ते कुठल्या आत्म्याचं फळ? तिचा गाल सुजवलात आणि मग केक खाल्लात, ते कुणाचं? आणि माझी माय चपलांपाशी बसून म्हातारी झाली, तुम्हाला एक शिवी न देता मेली. ते कुणाचं फळ, सांगा ना. तुम्ही शिकलेले आहात."

तो पाठ वळवून लोकांना म्हणाला, "हिच्यातही आहे. मी तेव्हाच सांगितलं होतं. आईतून उतरलंय."

"होय," मी म्हटलं. "उतरलंय. मायच्या अंगात आला होता तो पवित्र आत्मा होता. आणि तुम्ही त्याच्या थोबाडीत मारली."

हे बोलले आणि पाठीचा कणा तापला. ते चढायला लागलं. सवयीनं माझा हात खुर्ची शोधायला गेला. मी तो हात मागं घेतला. चढू दिलं. मी त्या हॉलच्या मधोमध, एसीखाली, माझ्या आईसारखी घुमले. काय वाटलं ते सांगते. हलकं वगैरे काही नाही वाटलं. खूप दुखलं. एवढ्या वर्षांचं दाबलेलं निघताना दुखतंच. पण मला त्यात कुणी परकं भेटलं नाही. मी सगळा वेळ जागी होते, आणि माझं कोण आहे ते मला ठाऊक होतं.

कुणाचा माझ्या अंगाला हात लावायचा धीर झाला नाही. माईक बंद झाला. कीबोर्ड मोठ्यानं वाजवला. मग दोन पोरांनी येऊन सांगितलं, आंटी, तुम्ही खाली जा. मी वंदनाला घेऊन जिना उतरले. ती रडत होती. बेन म्हणाल्या असतील काहीतरी, मी ऐकलं नाही.

कुणाला वाटेल, आता मायचा प्रश्न मिटला. नाही. उत्तर मी हॉलला दिलं, तिला नाही. ती मेली तेव्हा तिच्याकडं उत्तर नव्हतं, आणि ते आता कशानंच बदलत नाही. मशीन अजून हूं हूं करतं. मी अजून वळून बघते.

पास्टरचा निरोप आलाय. सर्वांसमोर माफी मागा, तोवर प्रभुभोजन नाही, वंदनालाही नाही. बाप असता तर म्हणाला असता, जळो. पुष्कळ जण मला तेच सांगतात, दुसरी मंडळी बघ, सुरतेत काय कमी आहेत?

मी माफी मागणार नाही आणि मंडळीही सोडणार नाही. आत्मा काही त्यांच्या बापजाद्यांची इस्टेट नाही, की त्यांनी ठरवावं कुणाच्या दारात उतरायचं. कोसाडच्या माझ्या खोलीत बाया जमायला लागल्यात. हिंगोलीच्या, परभणीच्या, दोघी धुळ्याकडच्या अहिराणी बोलणाऱ्या. सगळ्या कधी ना कधी कुठल्या तरी हॉलमध्ये गप्प बसवलेल्या. येत्या पेंटेकॉस्टचे दहाही दिवस आम्ही तिथं एकत्र बसणार. आणि त्या रविवारी लाल नेसून, पोराबाळांसकट, पांडेसऱ्याला जाणार. पहिल्या रांगेत बसणार. ढोलकी वाजली की जिला जसं येईल तशी ती हलेल, आणि प्रार्थना जी ती आपल्या बोलीत मोठ्यानं करेल.

एकट्या सखूला धरायला दोन बाया पुरल्या होत्या. आता आम्हा सगळ्यांना धरून दाखवा.